3 अंशांच्या जगात वाटाघाटी कोण करणार?

पृथ्वी 3-4 अंशांनी तापली तर नेमकं काय होईल, हा एक प्रश्न. आणि गेली तीस वर्षं दरवर्षी हवामान परिषदा भरतात, त्यांतून खरंच काही निष्पन्न झालं का, हा दुसरा. लोक हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात, पहिला शास्त्रज्ञांना आणि दुसरा राजकारणाच्या जाणकारांना. माझं काम दोन्हींच्या मधलं: धोक्याचे अहवाल वाचायचे आणि त्यातलं करारांच्या मसुद्यात काय उतरतं, काय गळतं, ते बघायचं. म्हणून दोन्हींचं उत्तर एकत्रच देतो. का, ते पुढे कळेल.

आधी आकडे जागेवर लावू. '3 अंश' म्हणजे 1850 ते 1900 या काळातल्या जागतिक सरासरीपेक्षा 3 अंश सेल्सिअस जास्त. 2024 हे या सरासरीच्या 1.5 अंश वर गेलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष; नेमका आकडा 1.55 च्या आसपास. 2015 च्या पॅरिस कराराची 1.5 अंशांची मर्यादा एका वर्षावर नव्हे तर दीर्घ काळाच्या सरासरीवर मोजतात, त्यामुळे ती अधिकृतपणे ओलांडली गेलेली नाही, पण आता फार अंतर उरलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2025 च्या अहवालानुसार, आज अमलात असलेली धोरणं तशीच चालू राहिली तर शतकाच्या अखेरीस तापमानवाढ 2.8 अंशांपर्यंत जाईल. देशांनी कागदावर दिलेली सगळी वचनं पाळली तर 2.3 ते 2.5. पॅरिस करार झाला त्या सुमाराला हाच अंदाज 4 च्या जवळपास होता.

इथे बहुतेक वाचक सुस्कारा सोडतात. तो थोडा लवकर सोडला जातो. 2.8 हा मधला अंदाज आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल, याचं आयपीसीसीचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-शास्त्रज्ञांच्या समितीचं, उत्तर 'बहुधा 2.5 ते 4 अंश, सर्वांत संभाव्य 3' असं आहे. म्हणजे उत्सर्जन अगदी अंदाजाबरहुकूम राहिलं तरी निसर्गाचा प्रतिसाद वरच्या टोकाचा निघू शकतो. साडेतीन-चार अंशांचं जग घडवायला कुणी मुद्दाम दुष्ट धोरण राबवायला नको. नशीब वाईट निघालं तरी पुरे. धोक्याचा विचार करताना मी मधल्या आकड्याकडे कमी आणि या वरच्या टोकाकडे जास्त बघतो. पुलाचा आराखडा काढणारा अभियंता सरासरी पुरासाठी पूल बांधत नाही.

दुसरी फसगत 'सरासरी' या कल्पनेतच आहे. समुद्र सावकाश तापतो, जमीन लवकर. जागतिक सरासरी 3 अंश वाढली की खंडांच्या अंतर्भागात ती वाढ त्याहून अंश-दीड अंश जास्त असते, आणि आर्क्टिकमध्ये तर कितीतरी जास्त. शिवाय शरीराला सरासरी कळत नाही, त्याला त्या दिवसाची दुपार कळते. घाम वाळतो म्हणून शरीर थंड राहतं. हवा उष्ण आणि इतकी दमट असेल की घाम वाळतच नाही, तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो. वेट बल्ब तापमान (ओलं कापड गुंडाळलेला तापमापक दाखवतो ते, म्हणजे उष्णता आणि दमटपणा दोन्ही धरून) 35 अंश ही यासाठीची सैद्धांतिक सीमा म्हणून अनेक वर्षं सांगितली जायची. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र तरुण, निरोगी माणसांची शरीरंही दमट हवेत 31 अंशांच्या आसपासच आतलं तापमान सांभाळेनाशी झाली. म्हाताऱ्या माणसांचं तर त्याच्याही आधी. 2003 च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेने 70,000 हून अधिक माणसं गेली, तीही दवाखाने, वीज आणि पैसा असलेल्या देशांत, आणि जग आजच्यापेक्षा थंड असताना.

तरीही मला विचाराल तर 3 अंशांच्या जगातली सर्वांत गंभीर गोष्ट उष्णता नाही, समुद्रही नाही. ती आहे धान्याचा व्यापार.

पिकांच्या उत्पादनावर तापमानाचा परिणाम बऱ्यापैकी मोजलेला आहे. 2017 च्या एका एकत्रित अभ्यासानुसार, उपाययोजना केल्या नाहीत तर दर अंशामागे जागतिक सरासरी उत्पादन मक्यात सुमारे 7.4 टक्के, गव्हात 6 टक्के आणि भात व सोयाबीनमध्ये 3 टक्क्यांच्या आसपास घटतं. एवढी घट नवीन वाण, सिंचन आणि पेरणीच्या बदललेल्या वेळा यांनी काही प्रमाणात भरून काढता येईल. पण खरा धोका अनेक देशांत एकाच वर्षी पीक बुडण्याचा आहे. जागतिक बाजारात विकला जाणारा बहुतेक मका चार देशांतून येतो: अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना, युक्रेन. या चारही देशांत एकाच वर्षी उत्पादन 10 टक्क्यांहून जास्त घटण्याची शक्यता सध्या जवळपास शून्य आहे. 2018 च्या एका अभ्यासात ती 2 अंशांच्या जगात वर्षाला 7 टक्के निघाली, आणि 4 अंशांच्या जगात 86 टक्के. तापमानवाढ दुप्पट आणि धोका बारा पट. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

आणि असं झालं की सरकारं काय करतात, हे आपल्याला माहीत आहे. 2007-08 मध्ये तांदूळ निर्यात करणाऱ्या अनेक देशांनी दरवाजे बंद केले आणि किमती भडकल्या, जगात तांदूळ पुरेसा असूनही. 2010 च्या उष्णतेच्या लाटेत आणि दुष्काळात रशियाचा गहू जळाला आणि ऑगस्टमध्ये रशियाने धान्याची निर्यातच थांबवली. प्रत्येक सरकारच्या जागी बसून पाहिलं तर हा निर्णय समजण्यासारखा आहे. सगळ्यांनी एकदम घेतला की आयात करणाऱ्या देशांच्या पोटावर पाय येतो. हवामानाचा फटका पहिल्या टप्प्यात भौतिक असतो. दुसऱ्या टप्प्यात तो माणसांच्या प्रतिक्रियेतून येतो, आणि तो मोठा असतो.

समुद्राबद्दल थोडक्यात. 2100 पर्यंतची वाढ, उत्सर्जनाच्या मार्गानुसार, साधारण 0.3 ते 1 मीटर. हे संकट आहेच, पण ते 2100 ला थांबत नाही. ग्रीनलंडच्या हिमस्तरात समुद्र सुमारे 7 मीटर वर नेण्याइतकं पाणी आहे आणि असा स्तर एकदा वितळू लागला की शतकानुशतकं वितळत राहतो. आयपीसीसीच्या अंदाजाने 2000 वर्षांत समुद्र 1.5 अंशांवर 2 ते 3 मीटर चढेल, 5 अंशांवर 19 ते 22 मीटर. आजच्या मंत्र्यांच्या सहीने कुठली बंदरं हजार वर्षांनी नकाशावर असतील ते ठरतं, ही गोष्ट वाटाघाटींच्या दालनात कुणाच्या मनात असते असं मला कधी वाटलं नाही.

'मीथेनचा स्फोट होऊन दहा वर्षांत सगळं संपणार' छापाच्या भाकितांवर मात्र विश्वास ठेवू नका. पर्माफ्रॉस्टमध्ये, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीत, हवेतल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट कार्बन आहे हे खरं; पण तो झिरपत येईल, स्फोटासारखा नाही. अटलांटिकमधला मोठा सागरी प्रवाह या शतकात मंदावेल याबद्दल शास्त्रज्ञांना फारशी शंका नाही. तो कोलमडेल का यावर खरा वाद आहे. आणि एक चांगली गोष्ट, जी पुरेशी सांगितली जात नाही: कार्बन डायऑक्साइडचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आलं की तापमानाची वाढ साधारण तिथेच थांबते. जुनी समजूत अशी होती की हवेत गेलेल्या वायूमुळे पुढची अनेक दशकं पारा आपोआप चढत राहील. तसं नाही. तापमान पुन्हा खाली यायला शतकं लागतील, पण ते चढणं थांबवणं आपल्या हातात आहे. 'आता उशीर झाला' हे वाक्य त्यामुळे शास्त्राच्या दृष्टीने कुठल्याच टप्प्यावर बरोबर ठरत नाही.

आता परिषदांकडे येऊ. त्यांच्यावर टीका करण्याआधी एक तांत्रिक बाब माहीत हवी, कारण बाहेरच्यांना ती सहसा कुणी सांगत नाही. 1992 चा रिओचा हवामान करार लागू झाल्यावर 1995 मध्ये बर्लिनला पहिली परिषद भरली. तिथे कामकाजाच्या नियमांतला मतदानाचा नियम, क्रमांक 42, सौदी अरेबियासह तेल निर्यातदार देशांच्या विरोधामुळे मंजूरच झाला नाही. तो आजतागायत मंजूर नाही. मतदानाचा नियम नाही म्हणजे सगळं एकमताने. जवळपास 200 देशांत एकमत! अध्यक्षांनी हातोडा आपटण्याआधी कुणी नेटाने हरकत घेतली तर काय करायचं, हे दर वेळी अध्यक्षांच्या धाडसावर ठरतं. 2010 मध्ये कानकुनला बोलिव्हियाची हरकत बाजूला सारून निर्णय झाला. 2012 मध्ये दोह्यात रशियाची. अंतिम मसुदे इतके बुळबुळीत का असतात, याचं अर्ध्याहून जास्त उत्तर या एका नियमात आहे.

बाकीचं उत्तर राजधान्यांत आहे. 1997 च्या क्योटो करारात श्रीमंत देशांना बंधनकारक उद्दिष्टं होती. पण परिषद भरण्याच्या काही महिने आधीच अमेरिकी सिनेटने 95 विरुद्ध 0 मतांनी ठराव केला होता की, विकसनशील देशांवर त्याच काळात बंधनं नसतील तर असा करार आम्हाला मान्य नाही. अमेरिकेने सही केली, मंजुरी कधीच दिली नाही. 2011 मध्ये कॅनडाने बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं; शिक्षा काही झाली नाही, होणारही नव्हती. पॅरिसमध्ये 2015 ला या अपयशातून धडा घेऊन उलट रचना केली. किती कपात करायची ते प्रत्येक देशाने स्वतः ठरवायचं. बंधन फक्त एवढंच की दर पाच वर्षांनी नवीन आकडा द्यायचा आणि काय केलं त्याचा हिशेब मांडायचा. दुबळा करार, पण टिकाऊ. अमेरिका 2020 मध्ये बाहेर गेली, 2021 मध्ये परत आली, 2025 मध्ये पुन्हा बाहेर पडत असल्याचं तिने जाहीर केलं. करार चालू राहिला. क्योटोसारखा कडक करार एवढे धक्के सोसून टिकला असता असं मला वाटत नाही.

मग 4 अंशांवरून 2.8 वर आलो याचं श्रेय पॅरिसला द्यायचं का? थोडंसं. मोठा वाटा स्वस्त झालेल्या सौरऊर्जेचा. ती स्वस्त झाली जर्मनीच्या अनुदानांमुळे आणि चीनच्या कारखान्यांमुळे, कुठल्या परिषदेच्या ठरावामुळे नाही. पण गुंतवणूकदारांना आणि अर्थमंत्रालयांना दिशा कुठली हे पॅरिसने सांगितलं, आणि दर पाच वर्षांनी आकडा मांडायला लावलं. आकडा मांडावा लागतो तेव्हा मंत्रालयात कुणाला तरी तो तयार करावा लागतो. सरकारी यंत्रणेत ही छोटी गोष्ट नसते.

जिथे परिषदा सपशेल कमी पडल्या ती जागा पैशाची आहे. 1991 मध्ये, रिओच्याही आधी, पॅसिफिकमधल्या वानुआतू या देशाने लहान बेटांच्या गटातर्फे प्रस्ताव मांडला होता: समुद्र चढून ज्यांचं नुकसान होईल त्यांच्यासाठी विमा-निधी असावा आणि हप्ता श्रीमंत देशांनी भरावा. तो बाजूला पडला. पॅरिस कराराच्या कलम 8 मध्ये 'हानी आणि नुकसान' आलं, पण सोबतच्या निर्णयात स्पष्ट लिहिलं गेलं की या कलमाच्या आधारे दायित्व किंवा भरपाई मागता येणार नाही. निधी स्थापन करण्याचा निर्णय झाला 2022 मध्ये, शर्म अल शेखला. एकतीस वर्षांनी. पुढच्या वर्षी दुबईत त्यासाठी सुमारे 70 कोटी डॉलरची आश्वासनं जमली. 2022 मधल्या पाकिस्तानातल्या एका पुराचं नुकसान सुमारे 30 अब्ज डॉलर होतं. आता त्रैराशिक तुम्हीच मांडा.

उत्सर्जन कपात आणि अनुकूलन, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं, यांसाठीच्या पैशाची कथाही तशीच. 2009 मध्ये कोपनहेगनला वचन दिलं: 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर. ते पहिल्यांदा पूर्ण झालं 2022 मध्ये, आणि त्यातल्या सरकारी पैशाचा मोठा भाग कर्जाच्या रूपात होता. 2024 मध्ये बाकूला विकसनशील देश वर्षाला 1.3 लाख कोटी डॉलर मागत होते. ठरलं 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज, आणि हातोडा पडल्यावर भारताच्या प्रतिनिधीने भर सभेत ते नाकारलं. कर्जाबद्दल माझं मत कडक आहे. सौरप्रकल्पासाठी कर्ज ठीक, कारण त्यातून उत्पन्न येतं. पुरात वाहून गेलेला रस्ता पुन्हा बांधायला कर्ज देणं म्हणजे ज्याने गुन्हा केला नाही त्याच्याकडून दंड हप्त्याहप्त्याने वसूल करणं.

आता दोन्ही प्रश्न एकत्र का घेतले ते सांगतो. लोक समजतात की वाटाघाटी फसल्या तर तापमान वाढेल. खरं आहे, पण अर्धंच. तापमान वाढलं तर वाटाघाटीही फसतील. वाटाघाटीला शिल्लक लागते: अंदाजपत्रकात थोडा पैसा, मतदारांत थोडा धीर, दुसऱ्याच्या देशासाठी खर्च करायला थोडी राजकीय जागा. तीन वर्षं लागोपाठ पीक बुडालं, किनाऱ्यावरच्या घरांना विमा मिळेनासा झाला, शेजारच्या देशातून माणसं येऊ लागली, की ही शिल्लक आधी संपते. पुढच्या दहा वर्षांतली कपात सरकारांना याच दिवसांसाठी पुढे ढकलायची असते, 'तेव्हा आपण श्रीमंत असू, तंत्रज्ञान आलेलं असेल.' ते श्रीमंत असतीलही. त्यांचे हात मोकळे नसतील.

याची चिन्हं आत्ताच दिसतात. सार्वत्रिक करार रखडला की देश दोघांदोघांत सौदे करतात. तुवालू आणि ऑस्ट्रेलिया यांनी 2023 मध्ये सही केलेल्या करारात तुवालूच्या 280 लोकांना दरवर्षी ऑस्ट्रेलियात स्थायिक होता येतं. त्या बदल्यात तुवालूच्या इतर देशांशी होणाऱ्या संरक्षणविषयक करारांवर ऑस्ट्रेलियाची संमती लागते. तुवालूच्या जागी मी असतो तरी सही केली असती. पण बुडणाऱ्या देशाला निवारा मिळण्याची किंमत म्हणून सार्वभौमत्वाचा एक तुकडा द्यावा लागतो, हा 3 अंशांच्या जगातल्या मुत्सद्देगिरीचा नमुना आहे. युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन कर, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावरची आकारणी, 2026 पासून प्रत्यक्ष लागू झाला; पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतं यांना तो लागतो. निर्यातदार देश त्याला संरक्षणवाद म्हणतात आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. तरी त्याने कारखान्यांचे मालक जेवढे हलले तेवढे परिषदेच्या कुठल्याही मसुद्याने हलले नव्हते.

आणि सर्वांत मोठी चिंता पुढे आहे. 1991 मध्ये पिनातुबो ज्वालामुखीच्या गंधकयुक्त कणांनी पृथ्वी साधारण अर्धा अंश थंड झाली होती, वर्ष-दोन वर्षांपुरती. हे मुद्दाम करणं तुलनेने स्वस्त आहे. एखादा मध्यम आकाराचा देशही ते एकट्याने करू शकेल. 4 अंशांच्या वाटेवर, पिकं जळत असताना, कुणीतरी ते करून बघेल असं धरून चालायला हवं. त्याने दुसऱ्या देशाचा पाऊस हलला तर? मधेच थांबवलं आणि दडपलेली उष्णता काही वर्षांत एकदम उसळून आली तर? या प्रश्नांवर नुसता तज्ज्ञांचा गट नेमण्याचा ठरावही 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत मंजूर होऊ शकला नाही. जगाचं तापमान किती असावं हे ठरवण्यासाठी आपल्याकडे आजही मतदानाचा नियम नाही, हे इथे आठवावं.

न्यायालयं ही पोकळी थोडी भरतील. जुलै 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिलं की हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडल्यास भरपाईपर्यंतचे परिणाम संभवतात. मागणीमागे पुन्हा वानुआतूच होता. हे मत बंधनकारक नाही, पण 'दायित्व नाही' या पॅरिसमधल्या ओळीमागे लपणं आता पूर्वीइतकं सोपं नाही.

पुढची परिषद 2026 मध्ये तुर्कीतल्या अंताल्याला आहे. यजमान तुर्की आणि वाटाघाटींची सूत्रं ऑस्ट्रेलियाकडे, अशी चमत्कारिक वाटणी ब्राझीलमध्ये बेलेमला ठरली. बातम्यांत शेवटच्या रात्री मसुद्यातल्या शब्दांवरून झालेली रस्सीखेच येईल. ती मीही वाचतो, पण आधी बघतो ते वेगळं. मीथेन हवेत 12 वर्षांच्या आसपास टिकतो, म्हणून त्यातली कपात याच पिढीला जाणवते. 2021 च्या मीथेन प्रतिज्ञेत 2030 पर्यंत 30 टक्के घट ठरली आहे आणि आता गळती उपग्रहांतून दिसते, त्यामुळे कोण खोटं बोलतंय ते कळतं. तो आकडा हलला का? हानी-नुकसान निधीत नवीन पैसा आला का, आणि तो अनुदान म्हणून आला की कर्ज म्हणून? आणि तेल-वायू विकणाऱ्या देशांपैकी एकाने तरी उत्पादन कमी करण्याची तारीख दिली का? या तिन्हींची उत्तरं मिळाली की अंतिम मसुदा वाचायला मला फारसा वेळ लागत नाही.